व्यवसाय सुटल्यावर उरणारा ‘मी’

काशीस शिंदे घाटावर स्नान करून यात्रेकरू संकल्पासाठी हातात उदक घेतो, तेव्हा उपाध्याय त्याला फार थोडे विचारतो. गोत्र कोणते आणि नाव काय? त्याआधी देशाचा उच्चार होतो, कालाचा होतो, नदीचे नाव घेतले जाते. आणि शेवटी ‘अमुक गोत्रात जन्मलेला अमुक नावाचा मी’ एवढ्यावर संकल्पातला ‘मी’ पुरा होतो. नावापुढे वर्णाचा निर्देश करणारे पद येते हे खरे, आणि त्याविषयी कोणी आक्षेप घेतल्यास तो अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. परंतु यजमान न्यायाधीश आहे की कारकून, त्याची नोकरी चालू आहे की सुटली आहे, याला त्या वाक्यात कोठेच जागा नाही. हे वाक्य मी लहानपणापासून शेकडो वेळा म्हटले असेल, इतरांकडून म्हणवूनही घेतले असेल. त्यातील ही रिकामी जागा मात्र वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षापर्यंत मला दिसली नव्हती.

ती दिसण्यास एक कारण घडले. अठरा वर्षे मी एका पाठशाळेत व्याकरण शिकविले. विद्यार्थी कमी होत गेले, चालकांनी आपल्या दृष्टीने हिशेब केला आणि माझी जागा बंद झाली. त्याविषयी येथे अधिक लिहिण्याचे प्रयोजन नाही. चार महिन्यांत मला भाषांतराचे काम मिळाले. पृष्ठावर मोल ठरलेले, घरी बसून करावयाचे, आणि प्राप्तीच्या दृष्टीने आधीच्याहून फारसे उणे नव्हे. म्हणजे अन्नवस्त्राचा प्रश्न उत्पन्न झाला नाही. तरीही एके दिवशी बँकेत एक अर्ज भरीत असता ‘व्यवसाय’ या रकान्यापाशी माझा हात थांबला. मागे उभ्या असलेल्या गृहस्थांनी दोनदा खाकरून पाहिले. शेवटी मी ती जागा कोरी ठेवली, आणि खिडकीतील मुलीने अर्ज परत केला.

ज्याला आत्मा आणि अनात्मा यांचा विवेक पोथीतून शिकवावयाचा असतो त्याची बँकेच्या रकान्यापुढे अशी फजिती व्हावी, याची मला लाज वाटली. घरी येऊन मी पत्नीला हे सांगितले. ती म्हणाली, “अहो, पाठशाळा सुटली तरी तुम्ही घरात रोज दोन तास आम्हालाच शिकवीत असता. जागा त्यांनी बंद केली. तुम्ही अजून केलेली नाही.” निदान अचूक होते. मुलाच्या बोलण्यातील प्रयोग सुधारणे, भाजीवाल्याच्या पाटीवरील ऱ्हस्वदीर्घावर भाष्य करणे, हे सारे त्या चार महिन्यांत बेसुमार वाढले होते.

अशा प्रसंगी स्नेहीमंडळी सांत्वनास येतात आणि त्यांच्यापैकी निदान एकाजवळ वेदान्त तयार असतो. ‘तुम्ही म्हणजे काही तुमची नोकरी नव्हे, देह हीच जेथे उपाधी, तेथे पदाची काय कथा?’ सिद्धान्त म्हणून यात चूक काढता येत नाही. स्फटिकाजवळ जास्वंदीचे फूल ठेवले म्हणजे स्फटिक तांबडा दिसतो, फूल दूर केले म्हणजे तो जसाच्या तसा असतो, हा दृष्टान्त मी स्वतः कितीकांना सांगितला आहे. पण फूल दूर केल्यावर स्फटिक रडत नाही, माणूस रडतो. जो दृष्टान्त एवढी गोष्ट विसरतो तो सांगणाऱ्यास सोयीचा आणि ऐकणाऱ्यास कोरडा वाटतो.

व्यासांनी ही घाई केलेली नाही. विराटपर्वात पाच पांडव आणि द्रौपदी यांनी एका वर्षासाठी आपापले जुने स्थान टाकून दुसऱ्याच्या घरी चाकरी धरली. सम्राट युधिष्ठिर कंक या नावाने फासे टाकणारा सभासद झाला, भीम बल्लव नावाचा स्वयंपाकी झाला, अर्जुन बृहन्नडा होऊन राजकन्येला नृत्य शिकवू लागला, नकुलसहदेवांनी घोडे आणि गाई पत्करल्या, आणि द्रौपदी सैरंध्री होऊन राणीसाठी चंदन उगाळू लागली. एके रात्री ती पाकशाळेत भीमाकडे येते आणि एकेकाची ती दशा सांगून शोक करते. स्वतःचे घट्टे पडलेले हात दाखविते. भीमाने तिला तत्त्वज्ञान सांगितले असते तर ते प्रसंगास शोभले असते असे वाटणारे टीकाकार निघतील. भीमाने ते हात आपल्या तोंडाशी नेले आणि तो रडला. समजुतीचे आणि योजनेचे बोलणे त्यानंतर आले. माझी समजूत अशी आहे की पद सुटलेल्या माणसाजवळ बसावयाचे झाल्यास आधी भीमासारखे बसावे. हानी झाली आहे हे मान्य केल्यावाचून, काय हरवले आणि काय हरवले नाही याचा निवाडा करता येत नाही.

तो निवाडा मला प्रथम जेथे सापडला ती जागा वाचकांस कदाचित हास्यास्पद वाटेल. ती जागा म्हणजे माझे व्याकरण. ‘पाचक’ हा शब्द आम्ही आरंभीच्या विद्यार्थ्यांना शिकवितो. पच् धातू, त्याला कर्ता या अर्थी ण्वुल् प्रत्यय. शिजविणारा तो पाचक. यावर मी मुलांना एक प्रश्न घालीत असे: आचारी दुपारी झोपला आहे, चूल विझली आहे, या क्षणी त्याला पाचक म्हणावे काय? काही मुले म्हणत, म्हणू नये, कारण क्रिया नाही. काही म्हणत, म्हणावे, कारण शिजविण्याची योग्यता त्याच्या अंगी आहे. चर्चा रंगे, आणि मी दोन्ही बाजूंना थोडथोडे खूष करून पाठ संपवीत असे. पण तिसरे उत्तर एकाही मुलाने कधी दिले नाही. ‘अमक्या भटारखान्यात त्याची नेमणूक आहे म्हणून तो पाचक’, असे कोणी म्हणाले नाही. नेमणूक प्रत्ययाच्या अर्थात येतच नाही. शब्दात धातू आहे, म्हणजे क्रिया. आणि प्रत्यय आहे, म्हणजे ती करणारा. आसन, पगार, पागोटे, लोकांनी वाकून केलेला नमस्कार, यांपैकी एकही वस्तू त्या शब्दाच्या पोटात नाही. त्या बाहेरून येऊन चिकटतात, आणि पुढे पुढे शब्दाचा मूळ अर्थ झाकून टाकतात.

‘अध्यापक’ या शब्दातही तोच प्रत्यय आहे. अठरा वर्षे तो शब्द माझ्या नावाला जोडलेला होता आणि त्याची फोड मी फळ्यावर किती वेळा करून दाखविली असेल! तरी तो शब्द उच्चारताना माझ्या मनापुढे शिकविण्याची क्रिया येत नसे. येत असे ती पाठशाळेची ओसरी, भिंतीशी मांडलेली माझी बैठक आणि रस्त्याने जाताना ‘शास्त्रीबुवा’ म्हणून थांबणारी माणसे. ‘अनुवादक’ या नव्या शब्दाची फोड करण्याचा तर मी कंटाळाच केला होता, कारण मीमांसकांच्या परिभाषेत अनुवादाला मान नाही. नवे सांगतो तो विधी. माहीत असलेलेच पुन्हा सांगतो तो अनुवाद, आणि त्याला स्वतंत्र प्रामाण्य नसते. विधी सांगणारा मी अनुवादात जमा झालो, असा कडवट विनोद मी मनाशी करीत होतो. पण एका रात्री भाषांतर करीत असता सहज लक्षात आले की ‘अनुवादक’ या शब्दाच्या शेवटी तोच ण्वुल् बसला आहे. धातू बदलला होता. प्रत्यय तोच होता.

यावर कोणी म्हणेल की हा शब्दांचा खेळ झाला, यातून दुःख कसे जाईल? दुःख त्याने गेले नाही, हे कबूल करतो. परंतु दुःख कोणत्या वस्तूचे आहे हे त्यामुळे शोधता आले. मला शिकविण्याचा वियोग झाला होता काय? थोडासा झाला होता. तो खरा होता आणि अजून आहे. पण त्याच्याहून पुष्कळ मोठा वियोग ओसरीचा, बैठकीचा आणि हाकेचा होता. पहिली गोष्ट माझी होती. दुसरी मला वापरावयास मिळाली होती, आणि मालकाने ती परत नेली होती.

काशीस जाण्याचा योग याच दिवसांत आला. विद्यार्थिदशेत मी तेथे सहा वर्षे ब्रह्मा घाटाजवळच्या महाराष्ट्रीय वस्तीत राहिलो होतो. त्या वेळी शिंदे घाट म्हणजे सायंकाळी पाठ घोकण्याची जागा. मणिकर्णिकेला लागून उत्तरेस हा घाट आहे. दक्षिणेकडून वारा आला की चितांचा धूर पायऱ्यांवर येतो, आणि खाली पाण्याच्या कडेला रत्नेश्वराचे देऊळ मागच्या अंगाला कलंडून उभे असते. वर्षातील कित्येक महिने त्याचा गाभारा पाण्यात आणि गाळात असतो. विद्यार्थी म्हणून आम्ही त्या कललेल्या शिखराकडे पाहून विनोद करीत असू. हा घाट कोणी बांधला, कोणत्या अवस्थेत बांधला, आणि बांधणाऱ्या व्यक्तीचे पुढे काय झाले, याची विचारपूस करण्याइतके शहाणपण तेव्हा नव्हते.

बायजाबाई शिंदे या कागलच्या सर्जेराव घाटग्यांच्या कन्या. १७९८ साली पुण्यास त्यांचा विवाह दौलतराव शिंद्यांशी झाला. दौलतराव १८२७ साली वारले, पोटी पुत्र नव्हता, तेव्हा मुलगा दत्तक घेऊन ग्वाल्हेरचा कारभार बायजाबाईंनी स्वतः हाती घेतला. काशीत ज्ञानवापीच्या विहिरीवरील स्तंभांचा मंडप त्यांनी १८२८ साली बांधविला, आणि हा घाटही १८३० च्या सुमारास त्यांच्याच द्रव्याने उभा राहिला. म्हणजे ही दोन्ही कामे सत्तेच्या ऐन भरातील आहेत. १८३३ साली फौजेने दत्तकपुत्र जनकोजीचा पक्ष घेतला आणि बाईंना ग्वाल्हेर सोडावे लागले. सहा वर्षांचे राज्य एका हंगामात संपले. पुढे आग्रा, फतेहगड, प्रयाग अशा ठिकाणी त्यांचा तळ पडत गेला.

त्या तळावर फॅनी पार्क्स नावाची एक इंग्रज बाई त्यांना भेटली आणि तिने १८५० साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्या भेटींची हकीकत दिली आहे. राज्य गेलेल्या राणीच्या छावणीत काय चालले असेल अशी आपली कल्पना असते? रुसवे, कारस्थाने, अर्जविनंत्या. तेही होतेच, आपला द्रव्यसंचय आणि आपला अधिकार यांसाठी बाईंनी इंग्रजांशी दीर्घकाळ झगडा केला, आणि त्यांना विरक्त साध्वी ठरविण्याचा माझा हेतू नाही. परंतु पार्क्सबाईच्या लिखाणात दुसरेही काही दिसते. तेथे घोड्यांवर बसण्याविषयी बोलणे निघते. बायजाबाई तरुणपणी नामांकित घोडेस्वार होत्या. इंग्रज स्त्रिया दोन्ही पाय एका बाजूस सोडून बसतात हे पाहून त्या मराठी बायकांना हसू लोटते, आणि शेवटी पार्क्सबाई मराठी पद्धतीचे लुगडे नेसून, मराठी रीतीने घोड्यावर मांड टाकून दाखविते. ज्या स्त्रीजवळ आता राज्य नाही, खजिना नाही, स्वतःच्या नगरात पाऊल टाकण्याची मुभा नाही, तिला घोड्यावर नीट कसे बसावे हे अजून कळते, आणि चुकीचे बसलेले पाहून तिला मोकळेपणाने हसू येते. ते ज्ञान फौजेला काढून घेता आले नव्हते.

यावरून मला अर्जुनाचे हात आठवले. विराटाच्या घरी नृत्यशिक्षक होऊन जाताना त्याला सर्वांत कठीण वाटले ते वेष पालटणे नव्हे. धनुष्याच्या दोरीने दोन्ही हातांवर पडलेले वण कसे झाकावे ही अडचण होती, आणि त्यासाठी त्याला मनगटापासून बांगड्या भराव्या लागल्या. गांडीव शमीच्या झाडावर ठेवता आले, वण ठेवता आले नाहीत. पदाचे चिन्ह अंगावरून उतरते. कर्माचे चिन्ह अंगात जाते. याच दुसऱ्या प्रकाराला आमचे शास्त्र संस्कार म्हणते, आणि नोकरी बदलणाऱ्या माणसाने आपली म्हणून बरोबर न्यावी अशी हीच एक शिदोरी आहे.

माझ्या बाबतीत ती शिदोरी कोठे सापडली हेही सांगतो, कारण प्रसंग मुळीच भव्य नाही. महाभाष्यावर टिपणे काढणाऱ्या हाताला भाषांतराचे पहिले काम मिळाले ते औषधाच्या डबीतील सूचनापत्रकाचे. मधुमेहाच्या गोळ्या. मी मनातून खट्टू होऊन बसलो होतो. दुसऱ्या परिच्छेदात एक वाक्य असे आले की त्याचा अन्वय एका रीतीने लावल्यास गोळी दिवसातून दोनदा घ्यावयाची असा अर्थ होई, दुसऱ्या रीतीने लावल्यास दोन दिवसांतून एकदा. त्या एका वाक्यावर मी पाऊण तास घालविला. मूळ लिहिणाऱ्याला विचारून घेतले. मग खेड्यातील एखादी म्हातारी ते वाचील, किंवा तिचा नातू तिला वाचून दाखवील, असे डोळ्यांसमोर आणून वाक्य पुन्हा बांधले. काम संपल्यावर ध्यानात आले की गेल्या पाऊण तासात मला पाठशाळेची आठवण झाली नव्हती. अन्वयाची ती चिकित्सा पाठशाळेतच अंगी मुरली होती, पण ती पाठशाळेची राहिली नव्हती.

आता एका शंकेचा विचार केला पाहिजे. गीतेचे नित्य वाचन करणारा वाचक ती काढल्यावाचून राहणार नाही. गीता तर माणसाला त्याच्या स्वकर्माशी बांधते. दुसऱ्याचा धर्म बरा दिसला तरी आपला सोडू नये असे सांगते. रणातून निघून भिक्षेवर राहू इच्छिणाऱ्या अर्जुनाला ती परत रणात उभे करते. मग कर्माहून ‘मी’ वेगळा काढण्याची ही खटपट गीतेच्या विरुद्ध नव्हे काय?

ही शंका मला पुष्कळ दिवस छळीत होती. तिचे उत्तर गीतेच्या आधीच्या पर्वात आहे असे आता वाटते. कुरुक्षेत्रावर उभे राहण्यापूर्वी थोड्याच काळामागे याच अर्जुनाने वर्षभर क्षात्रकर्म बाजूला ठेवले होते. मुलींना नाचगाणे शिकविले होते, तेही वरवर नव्हे. उत्तरा त्याच्याजवळ खरोखर शिकली. त्या वर्षात अर्जुनाचे गात्र शिथिल झाले नाही, तोंड कोरडे पडले नाही, आणि श्रीकृष्णाला धावून यावे लागले नाही. गांडीव झाडावर असताना तो स्थिर होता. गांडीव हातात असताना तो गळाला. यावरून त्याचा रोग व्यवसायाच्या बदलात नव्हता हे उघड होते. ‘हे माझे, यांच्यावाचून मी कोण?’ या बुद्धीत तो होता. ती बुद्धी घेऊन तो भिक्षेला गेला असता तर भिक्षापात्रालाही त्याने गांडीवासारखेच कवटाळले असते. म्हणून भगवंतांनी त्याला कर्माचे नाव बदलू दिले नाही; आधी ती बुद्धी पालटण्यास लावली. स्वकर्म म्हणजे नेमणूकपत्र असा अर्थ मला गीतेत कोठे दिसत नाही. ज्या कामात माझी घडण झाली आहे आणि जे आज माझ्यापुढे येऊन पडले आहे ते मनापासून करावे, आणि त्याच्या फळांत मान हेही एक फळच आहे हे ओळखावे, एवढा अर्थ मला पुरतो. धनाच्या फळावर पाणी सोडणारे पुष्कळ सज्जन मानाचे फळ कर्माचा भाग समजून मुठीत धरतात. मी त्यांच्यातलाच होतो.

मानाचा हा प्रकार किती सूक्ष्म आहे याचे उदाहरण शिंद्यांच्याच घराण्यात आहे. महादजी शिंदे १७९२ साली पुण्यास आले तेव्हा ते उत्तरेतील सर्वांत प्रबळ पुरुष होते. बादशहाकडून मिळालेली वकील-इ-मुतलकीची वस्त्रे त्यांनी पेशव्यांसाठी आणली होती. तरी पेशव्यांच्या दरबारात ते मानकऱ्यांच्या खाली बसले आणि काखेतल्या गाठोड्यातून जोडे काढून, हेच आमच्या वडिलांचे काम व हेच आमचे, असे म्हणाले. राणोजी शिंदे पूर्वी पेशव्यांचे जोडे सांभाळीत, ही त्यामागची गोष्ट. स्वतःला ते पाटील म्हणवीत. इतिहासकारांना यात निष्ठेपेक्षा मुत्सद्देगिरी अधिक दिसली, आणि त्यांचे अगदीच चुकले असे मला वाटत नाही. लहान पदही मोठ्या पदाइतकेच धरून ठेवता येते, आणि ‘मी कोणीच नाही’ असे वारंवार सांगणे हेही एक आसन असते. नोकरी गेल्यानंतर मी स्वतः काही दिवस त्या आसनावर बसलो होतो. भेटेल त्याला ‘आता काय, हमाली’ असे सांगत होतो. पत्नीने तेही बंद केले.

उलट टोकाचे उदाहरण शोधण्यासही लांब जावे लागत नाही. दुसऱ्या बाजीरावाने १८१८ साली पेशवाई सोडली आणि वर्षाला आठ लाखांच्या नेमणुकीवर तो ब्रह्मावर्तास राहिला. १८५१ साली वारला. तेहतीस वर्षे राज्यावाचून दरबार चालविणे म्हणजे काय, याचा विचार मनात आला की माझी ओसरी मला फार लहान वाटू लागते. त्याचाच दत्तक भाऊ अमृतराव याने १८०३ साली सात लाखांच्या नेमणुकीवर हक्क सोडला आणि काशीत घाट बांधून दानधर्मात दिवस घालविले. दोघांच्या अंतःकरणात काय होते हे कोण जाणे! घाट मात्र अजून स्नानाच्या उपयोगी पडतो.

आणि शिंदे घाटाचे म्हणाल तर तो फार काळ नीट उभाही राहिला नाही. बांधकाम एवढे भारी होते की ते स्वतःच्याच वजनाने जमिनीत खचू लागले. शेरिंग नावाच्या पाद्र्याने १८६८ साली प्रसिद्ध केलेल्या काशीवरील ग्रंथात तो कित्येक फूट खाली गेल्याचे आणि अजूनही सावकाश जात असल्याचे लिहिले आहे. बायजाबाई त्यापूर्वीच, १८६३ साली, निवर्तल्या होत्या. जनकोजी १८४३ साली वारल्यानंतर त्या ग्वाल्हेरास परतल्या होत्या. आज आपण पाहतो त्या पायऱ्या नंतरच्या डागडुजीच्या आणि पुनर्बांधणीच्या आहेत. दगडावर दगड रचताना पाया किती भार सोशील याचा हिशेब चुकला, एवढेच त्यावर बांधकाम जाणणारा म्हणेल. त्या पायरीवर बसून मी माझा हिशेब करीत होतो: नाव, विद्या, घर, गाव, मित्रमंडळ, सकाळचा उत्साह, सायंकाळची झोप, एवढे सगळे मी एका नेमणुकीवर रचले होते. नेमणुकीचा त्यात अपराध नव्हता. तिच्यावर इतका भार घालावयास कोणी सांगितले नव्हते.

स्नान आणि संकल्प झाल्यावर आमच्या तीर्थोपाध्यायांच्या घरी गेलो. वृद्ध गुरुजी आता नाहीत. त्यांचा नातू वह्या सांभाळतो. त्याने गावाच्या नावावरून नामावळी काढली. पणजोबांच्या हातची ओळ निघाली. नाव, आणि पुढे ‘कुलकर्णी, मौजे’ असे लिहून गावाचे नाव. म्हणजे त्यांच्या लेखी तो हुद्दा होता, दप्तर आणि वतन यांसह. आजोबांच्या ओळीत तोच शब्द आडनाव होऊन बसला होता. मुंबई राज्यात १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतने गेली. पाटीलकीचे हुद्दे महाराष्ट्रात १९६२ च्या कायद्याने गेले. चिटणीस, पोतनीस, फडणीस, सबनीस, मुजुमदार, कारखानीस, देशपांडे अशा हजारो मराठी घरांच्या दारांवर नाहीशा झालेल्या नोकऱ्यांच्या पाट्या लागल्या आहेत, आणि त्या घरांतील माणसे डॉक्टर आहेत, वाहनचालक आहेत, किराणा विकतात. पाटी वाचून कोणाला रडू येत नाही. पणजोबांचा हुद्दा गेला तेव्हा आमच्या घरात कोणीतरी माझ्यासारखेच कोऱ्या रकान्यापुढे थांबले असेल, असे त्या ओळीकडे पाहताना प्रथमच मनात आले. त्याची काहीच नोंद वहीत नव्हती.

मग त्या तरुणाने माझ्यापुढे नवे पान सारले. नाव लिहिले, वडिलांचे लिहिले, मुलाचे लिहिले. “काका, काय करता तेही लिहा,” तो म्हणाला, “हल्ली सगळे लिहितात. पुढच्या पिढीला बरे पडते.”

मी लिहिले: ‘पूर्वी अध्यापन. सध्या भाषांतर.’

त्याने ते वाचले, ‘सध्या’वर बोट ठेवून हा शब्द राहू द्यायचा का म्हणून विचारले. मी हो म्हटले. शाई वाळेपर्यंत त्याने वही उघडी ठेवली, आणि दारात उभ्या असलेल्या अकोल्याच्या यात्रेकरूंना गोत्र विचारू लागला.